मालकाची मावसबहीण

त्या हंगामात आभाळ नुसतं दाटून राहायचं आणि कौलं काही वाळायची नाहीत. सकाळी मांडणीवर ठेवलेल्या कौलाला संध्याकाळी बोट लावावं तर ते तसंच गार आणि लिबलिबीत. भट्टी रिकामी, गिऱ्हाईक दारात आणि मालकाचा पारा चढलेला. पावसाच्या तोंडावर ज्याला त्याला आपलं छप्पर आठवतं, आणि नेमकं तेव्हाच कौलांच्या कारखान्याला ऊन मिळत नाही.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब शेड. एका टोकाला चिखल मळायचा खड्डा, त्याच्या पुढं दाबयंत्र, मग वाळवणीच्या मांडण्या आणि मागच्या अंगाला भट्टी. माणसं अकरा, त्यातली तीन एकाच घरातली. भट्टीवाला, त्याची बायको आणि त्याची विधवा भावजय. बायको घरात आली तेव्हापासून धाकटी, आणि म्हणून भावजय आपोआप थोरली झाली. कारखान्यातही तीच नावं चालू राहिली.

धाकटी दाबयंत्रापाशी असायची. यंत्रातून ओलं कौल फळीवर पडलं की तारेनं त्याच्या कडा कापायच्या, ओल्या बोटानं फिरवून घ्यायच्या आणि फळी पुढं सरकवायची. थोरली शेडच्या पार आत, वाळवणीला. एका बाजूनं सुकायला लागलेलं कौल वेळेत उलटलं नाही तर ते वाकतं, आणि वाकडं कौल पुन्हा चिखलात जातं. दिवसभर वाकायचं, उचलायचं, उलटायचं. संध्याकाळी थोरली घरी यायची ती कमरेवर हात ठेवूनच.

पण तिनं कधी कुरकुर केली नाही. तिची एक मावशी अशीच नवरा गेल्यावर दिराकडं राहिली होती. ती मावशी ताटातली भाजी संपली तरी दुसऱ्यांदा मागायची नाही, हे थोरलीनं लहानपणी पाहिलं होतं. थोरली मागायची. भांडं पुढं ओढून स्वतःच्या हातानं वाढून घ्यायची. धाकटीला त्याचं मनातून कौतुक वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

एका सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी मालकानं सगळ्यांना खड्ड्यापाशी बोलावलं. मालक तसा वाईट माणूस नव्हता. आरडाओरडा करायचा, पण कुणाच्या घरी दुखणं आलं तर स्वतः गाडी काढायचा. त्या दिवशी तो आरडाओरडा करत नव्हता, म्हणून सगळे जवळ सरकले.

"नवा नियम आलाय," तो म्हणाला. "इतके दिवस वीस माणसांच्या आतल्या कारखान्याला कुणी विचारत नव्हतं. आता दहा."

"दहा काय, मालक?" रेडिओनं विचारलं. दाबयंत्राचा दांडा ओढणाऱ्या या माणसाचं तोंड कधीच बंद नसायचं, म्हणून त्याचं नाव रेडिओ.

"दहा माणसं कामाला असली की कायदा लागू. प्रत्येकाच्या नावानं फंडात भरणा. भरपगारी सुट्टी. इजा झाली तर भरपाई. बायकांना वेगळी मोरी."

"मग वाईट काय आहे त्यात?"

दोघंतिघं हसले. मालक हसला नाही.

"वाईट काहीच नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीपण नाचलो असतो. पण रस्त्यापलीकडं पत्र्यांचं दुकान निघालंय, ते बघतोस ना रोज? कौलाचा भाव जरा वाढवला की उरलेली गिऱ्हाइकं तिकडं पळतील. मग मी भरणा कुणाचा करू? कुलपाचा?"

पत्र्यांच्या दुकानापुढं उभ्या राहणाऱ्या गाड्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. एक तर रेडिओच्या स्वतःच्या मेव्हण्याची होती.

मालकानं मग उपाय सांगितला. कागदावर नऊ माणसं दाखवायची. शेवटी कामाला लागलेल्या या दोघी, थोरली आणि धाकटी, कागदावर नाहीत. तपासणीचा साहेब कधीही येईल. त्याची गाडी वळणावर दिसली की थोरलीनं मागच्या दारानं निघून जायचं, ती आत असते, तिला सोपं आहे. धाकटी मात्र अगदी समोर बसते. यंत्र चालू असताना कडा कापणारं माणूस उठून गेलं तर कौलांचा ढीग लागेल आणि साहेबाला कळेल.

"म्हणून धाकटी, तू माझी मावसबहीण. घरच्या माणसांना कायदा मोजत नाही. घाईगर्दीत बहीण हात लावायला आलीय, बस्स."

"मग जाऊबाईंनापण बहीण करा की," धाकटी म्हणाली.

"दोन दोन बहिणी कुठून आणू? माझ्या मावशीला एकच मुलगी आहे," मालक म्हणाला, आणि खरंच तेवढं खरं होतं.

त्या दिवसापासून धाकटीचा जीव टांगणीला लागला. मालकीणबाईंनी कपाटातले आपले जुने, पण बरे कपडे काढून तिला दिले. नणंद म्हणायची तर नणंदेसारखी दिसायला नको का? धाकटी ते कपडे घालून वर गोणपाट बांधायची आणि चिखलात बसायची. मालकीणबाई येता-जाता डोकावून बघायच्या. बाहीला शिंतोडा दिसला की म्हणायच्या, "जरा जपून हं. मला परत वापरायचेत." एकदा त्यांनी बाही वळवून आतून मळली आहे का तेही पाहिलं, आणि धाकटी हात तसाच पुढं धरून उभी राहिली.

रेडिओला तर रानच मोकळं मिळालं. "मालकाची बहीण आली रे, बाजूला व्हा. बाई, भावाला सांगून आमचा चहा वाढवा की." पहिले दोन दिवस धाकटी हसली. नंतर तिनं तार जोरात ओढायला सुरुवात केली.

घरी थोरली तिची तयारी करून घ्यायची. चुलीपुढं बसल्या बसल्या विचारायची, "मी साहेब. काय गं, हा तुझा कोण?"

"दादा."

"कसला दादा?"

"मावसदादा."

"नुसतं दादा म्हण. मावसदादा कुणी हाक मारतं का? आणि मान खाली घालू नको. बहीण भावापुढं मान खाली घालत नाही."

भट्टीवाला हे ऐकत भिंतीला टेकून बसलेला असायचा. त्याला हा सगळा प्रकार पटत नव्हता. "माझ्या बायकोला तो बहीण म्हणतो, म्हणजे मी त्याचा मेव्हणा झालो की. मेव्हण्याला भट्टीत लाकडं घालायला लावतात का?" तो म्हणायचा. पण हे तो घरात म्हणायचा. कारखान्यात मालकानं हाक मारली की "आलो" म्हणून धावायचा. धाकटीच्या ते लक्षात येत होतं, आणि ती तिकडं बघायचं टाळत होती.

रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की यंत्रापाशी सगळ्यांचे हात थांबायचे. दूधवाल्याची गाडी यायची, मातीची यायची, पत्रेवाल्याची गिऱ्हाइकं यायची. दरवेळी थोरली मागच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. असं जाता-येता काही कौलं उलटायची राहायची आणि वाकायची. मग मालक त्यावरून ओरडायचा. ओरडून झालं की म्हणायचा, "तुमची चूक नाही, कळतंय मला," आणि पुन्हा ओरडायचा. धाकटीला वाटायचं, येऊ दे एकदाचा तो साहेब, काय व्हायचं ते होऊ दे.

साहेब आला तो भर दुपारी, आणि चालत. गाडी त्यानं वळणाच्या पलीकडंच ठेवली होती. गाडी दिसली की माणसं लपतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो दारात उभा राहिला तेव्हा यंत्र चालू होतं आणि धाकटीच्या अंगावर गोणपाट तसंच होतं. तिनं ते सोडून बुडाखाली घेतलं. आतल्या अंधारात थोरली दिसेनाशी झाल्याचं तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

साहेब तरुण होता, घामानं निथळत होता आणि तोंडानं गोड होता. त्यानं सगळ्यांना एका ओळीत उभं न करता जागेवरच ठेवलं आणि स्वतः फिरून मोजलं. मालक त्याच्यापुढं उलट्या पावलांनी चालत होता, हातवारे करत सांगत होता, माती कुठून येते, ती किती मुरवावी लागते, ऊन कसं नाही. भीतीनं त्याला जास्तच बोलायला होत होतं. मालकीणबाई चहाचं ताट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"या कोण?" साहेबानं धाकटीकडं पेन दाखवलं.

"ही माझी मावसबहीण," मालक म्हणाला. "दोन दिवस आलीय. बसवत नाही तिला, म्हणते काहीतरी करते."

"छान," साहेब म्हणाला. "हात बरा बसलाय हो त्यांचा."

धाकटीनं मान वर ठेवली होती. तोंडात दादा हा शब्द तयार होता. मालक तसाच मागं मागं सरकत बोलत होता, आणि त्याच्या मागं चिखल मळायचा खड्डा उघडा होता. त्यात आत फिरणारी लोखंडी पाती चालू होती. मालकानं आणखी एक पाऊल मागं टाकलं.

"मालक! मागं खड्डा!" धाकटी ओरडली.

मालक काठावर झोकांडी खाऊन थांबला. त्याची एक चप्पल निसटून चिखलात गेली आणि पात्यानं ती आत ओढून घेतली. रेडिओनं धावत जाऊन यंत्र बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की मालकीणबाईंच्या ताटातले कप वाजलेले सगळ्यांना ऐकू आले.

आपल्या बोलण्यात बाई दोघांनाच मालक म्हणते. एक, जिथं ती कामाला जाते त्या धन्याला. दुसरा, नवऱ्याला. भावाला मालक म्हणणारी बहीण अजून जन्माला यायची आहे. हे त्या तरुण साहेबालाही माहीत होतं. त्याची आईही बहुधा त्याच्या बापाला मालकच म्हणत असावी.

"मालक?" तो म्हणाला. त्यानं धाकटीच्या अंगावरचे बरे कपडे पाहिले, मग मालकाकडं पाहिलं, मग दारातल्या मालकीणबाईंकडं, आणि आवाज खाली आणला. "म्हणजे नातं मावसबहिणीचं नाही तर. आणखी जवळचं आहे."

एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, असा मालक उभा होता. नाही म्हणावं तर धाकटी मजूर ठरते, दहावी होते. धाकटीकडं न बघता तो म्हणाला, "साहेब, घरातली गोष्ट आहे. आता काय सांगू? घरचीच आहे, असं समजा."

रेडिओ खाली बघायला लागला. मालकीणबाईंनी ताट तिथंच जमिनीवर ठेवलं. भट्टीच्या तोंडाशी धाकटीचा नवरा हातात लाकडाचा ओंडका घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला. धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तिला फार वाटलं. त्यानं ओंडका एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

धाकटी उठली. बुडाखालचं गोणपाट काढून तिनं कमरेला बांधलं.

"साहेब, मी यांची कुणी नाही," ती म्हणाली. "मी इथं कामाला आहे. लिहा. हे जे ओंडका घेऊन उभे आहेत ना, ते माझे मालक."

साहेबानं मान डोलावली आणि लिहिलं. त्याला ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण नंतर त्यानं आतल्या अंधारात डोकावूनही पाहिलं नाही. वाळवणीपाशी कोण काम करतं, हे त्यानं विचारलं नाही. चहा न घेता तो निघून गेला.

घरी परतताना तिघंही एका ओळीत चालत होती. भट्टीवाला बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी बोलणारच होतो."

"हो ना," धाकटी म्हणाली. "ओंडका जड होता."

थोरलीला हसू आलं. ती मागच्या दाराबाहेर झुडपात बसली होती, तिनं भिंतीच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. तिनं धाकटीचा दंड दाबला. "बरं केलंस. अगदी बरं केलंस. त्याला त्या खड्ड्यात पडू द्यायला हवं होतं." काम जाणार हे धाकटीला आता पक्कं वाटत होतं. आपण गेलो तर चालेल, नवऱ्याची भट्टी राहू दे आणि जाऊबाईंची वाळवण राहू दे, असं ती मनातल्या मनात घोकत चालली होती.

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला कामावरून काढलं नाही. तो तिच्या जवळून गेला, थांबला, "काल मी..." म्हणाला आणि पुढं निघून गेला. तिनं कपडे धुऊन घडी करून आणले होते. मालकीणबाईंनी ते हातात न घेता ओट्यावर ठेवायला सांगितले. मग काही दिवस मालक कारखान्यात दिसलाच नाही, कचेरीत खेपा घालत होता. परत आला तो दहा छोटी कार्डं घेऊन. त्यावर प्रत्येकाचं नाव होतं. त्यानं ती स्वतःच्या हातानं वाटली. धाकटीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. भट्टीवाल्यानं तर आपलं कार्ड लाकडाला हात लावायच्या आधी आत जाऊन सदऱ्याच्या खिशात नीट ठेवलं. इतकी वर्षं भट्टी पेटवून त्याला पहिल्यांदा कुणी कामगार म्हटलं होतं. रेडिओ त्या दिवशी चेष्टा करायला विसरला.

कार्डं वाटून झाल्यावर मालक शेडच्या आत गेला. धाकटी तार हातात धरून बघत होती. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. थोरली दोन फळ्यांत कौल धरून उभी होती आणि मालक जमिनीकडं बघत बोलत होता. मग थोरलीनं ते कौल उलटलं, मांडणीवर ठेवलं, पुढचं घेतलं, तेही उलटलं. मालक बोलतच होता. ओळ संपेपर्यंत ती थांबली नाही. ओळ संपल्यावर तिनं हात धुतले.

मालक परत येताना धाकटीपाशी थांबला. "दहा लिहिले गेले," तो म्हणाला. "दहांचा भरणा करतोय, कसा करतोय ते मलाच माहीत. अकरावं माणूस झेपत नाही मला. आणि कागदावर नसलेलं माणूस आत सापडलं, तर आता दंड आहे. तुला काढता येत नाही, साहेबानं तुझं नाव स्वतः लिहिलंय." त्यानं मान वळवली. "वाळवणीचं तू बघ. कडा कापून मधे मधे जायचं. यंत्र थोडं हळू चालवू."

"मला ते काम येत नाही," धाकटी म्हणाली.

"मग शिकून घे. कौलं वाकली तर आपण सगळेच घरी बसू."

तो खोटं बोलत नव्हता, हाच त्रास होता. शिव्या द्याव्यात असं कुणी तिला सापडेना. साहेबानं आपलं काम केलं होतं. नियम तर तिच्याच बाजूचा होता, तिच्याजवळ कार्ड होतं. मालकानं तिच्या अब्रूला हात घातला होता, पण थोरलीला काढलं होतं ते सूड म्हणून नाही. फिरून फिरून तिचं बोट स्वतःकडंच यायचं. आपण गप्प राहिलो असतो तर? ती दिवसभर कडा कापत राहिली, आणि बऱ्याच कडा तिरक्या गेल्या.

घरी आली तेव्हा अजून उजेड होता. थोरली आधीच आली होती. चूल पेटवून, पाणी भरून, अंगण झाडून झालं होतं. जेवताना थोरलीनं भाजीचं भांडं पुढं ओढलं नाही. भट्टीवाल्यानं ते तिच्याकडं सरकवलं. "पुरे झालं, भावोजी," ती म्हणाली. ती कधी असं म्हणत नसे.

जेवण झाल्यावर ती परसात गेली आणि पाटीभर चिखल घेऊन आली. दोन फळ्या तिनं शोधून ठेवल्याच होत्या. एका फळीवर चिखल थापून, कौलाएवढा करून, ती अंगणात उकिडवी बसली.

"ये इकडं, धाकटे."

"जाऊबाई, उद्या बघू."

"उद्या तू तिथं असशील आणि मी इथं. आत्ता ये." तिच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. "ही फळी अशी वर ठेवायची. दाबायची नाही, नुसती टेकवायची. मग दोन्ही मिळून धरायच्या आणि एका दमात उलटायच्या. अंगठा आत घ्यायचा. बाहेर राहिला की कोर मोडते. कर."

धाकटी बसली. तिनं फळी टेकवली, अंगठे आत घेतले. इतकी वर्षं ती शेडच्या दुसऱ्या टोकाला बसून हेच बघत आली होती. हात आपोआप वळले. वरची फळी उचलली तर चिखलाचं कौल सुरेख उलटलं होतं, एक कोरही हलली नव्हती.

थोरली त्या कौलाकडं बघत राहिली. इतका वेळ चेहऱ्यावर होता तो राग गेला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून ती उठायला लागली.

"जमलं की," ती म्हणाली. "यात शिकवण्यासारखं काही नव्हतंच म्हणा."

धाकटीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. चिखल पुन्हा थापला, वर फळी ठेवली आणि या वेळी दोन्ही अंगठे मुद्दाम बाहेर काढले. उलटताना कोर मोडली, अर्धा चिखल तिच्या पायावर पडला.

"मघाशी चुकून झालं, जाऊबाई," ती म्हणाली. "पुन्हा दाखवा."

थोरलीनं तिच्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिनं पायावरचा चिखल खरवडून फळीवर घेतला, धाकटीचे अंगठे धरून एकेक करून आत वळवले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.